नातेवाइकासाठी वजन कमी करण्याचे इंजेक्शन : चिठ्ठीआधीची आणि चिठ्ठीनंतरची तयारी

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या गणपतीत, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या बोलण्यात एक नवा विषय होता. कोणाच्या साहेबाने, कोणाच्या शेजारणीने आठवड्याला एक सुई टोचून घेत पंधरा-वीस किलो वजन उतरवल्याच्या गोष्टी पडवीत रंगल्या आणि त्या ऐकून माझ्या मावसभावाने आपल्या आईसाठी, मालवण तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मावशीसाठी, ते औषध आणण्याचे मनात पक्के केले. मावशीला मात्र कोणी विचारलेच नव्हते. त्यानंतरची चौकशी, डॉक्टरांकडच्या फेऱ्या, फ्रीजमधली जागा आणि पैशांचा हिशेब हे सगळे माझ्या वाट्याला आले, कारण मी कुडाळला राहते आणि तिच्या सगळ्यात जवळची मीच आहे. मी डॉक्टर नाही. औषध घ्यावे की न घ्यावे हे रुग्णाने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचे असते. घरातल्या दुसऱ्या माणसाने त्याच्या आधी आणि नंतर काय करायचे असते, एवढेच येथे क्रमाने लिहिले आहे.

पहिली पायरी : जिला सुई टोचायची आहे तिच्याशी बोलणे

ही पायरी बहुतेक घरांत गाळली जाते. सगळे जेवायला बसलेले असताना, ओटीवर पाहुणे असताना किंवा व्हिडिओ कॉलवर सगळे भाऊ एकत्र असताना हा विषय काढू नये. वजनाबद्दल टोमणे ऐकण्यात ज्या माणसाचे अर्धे आयुष्य गेले आहे, त्याला ‘तुझ्यासाठी औषध आणतो’ हेही टोमण्यासारखेच ऐकू येते. मी मागीलदारी मावशी नारळ सोलत असताना विचारले, ते जाडीबद्दल नव्हे, गुडघ्यांबद्दल. घरापासून रस्त्यापर्यंतची चिऱ्याच्या पायऱ्यांची घाटी उतरताना ती हल्ली दोनदा थांबते हे मला दिसत होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “सुयेचा काय नाय गो, पण सोडल्यार परत फुगतलंय मा?”

तो प्रश्न बरोबर होता आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘बहुतेक होय’ असेच आहे. सेमाग्लुटाइड या अशाच एका औषधाच्या मोठ्या चाचणीतील लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन पुन्हा वाढल्याचे दिसले. हे लपवून कोणाला तयार केले, तर सहा महिन्यांनी ती फसवणूक वाटते आणि वाटायलाच हवी. म्हणून सुरुवातीलाच सांगावे की सुई आठवड्याला एक असली तरी विचार वर्षांचा करायचा आहे, रक्तदाबाच्या गोळीसारखा. हे कळल्यावर ती व्यक्ती नको म्हणाली तर विषय तेथेच थांबवावा. मुलाने पैसे देऊ केले आहेत म्हणून आईची संमती गृहीत धरता येत नाही.

दुसरी पायरी : औषध म्हणजे काय, हे आपण समजून घेणे

आपल्याकडे सध्या मुख्यतः दोन औषधांची नावे ऐकू येतात. टिर्झेपटाइड हे एली लिली कंपनीचे औषध ‘माउंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आले. नोव्हो नॉर्डिस्कचे सेमाग्लुटाइड वजनासाठी ‘वेगोवी’ या नावाने जून २०२५ मध्ये आले. तेच औषध मधुमेहासाठी ‘ओझेम्पिक’ या नावाने ओळखले जाते. दोन्ही आठवड्यातून एकदा कातडीखाली टोचायची असतात. लिराग्लुटाइड हे त्यांच्या आधीचे औषध रोज टोचावे लागते.

जेवल्यावर आपल्या आतड्यांतून जीएलपी-१ नावाचे एक संप्रेरक सुटते. ते मेंदूला पोट भरल्याचा निरोप देते, पोटातील अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करते आणि साखर वाढलेली असेल तेव्हा इन्सुलिन सोडायला मदत करते. शरीरातले हे संप्रेरक दोन-चार मिनिटांत विरघळून जाते, तर त्याची नक्कल करणारे सेमाग्लुटाइड इतके टिकते की त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो. टिर्झेपटाइड जीआयपी नावाच्या दुसऱ्या एका संप्रेरकाचीही नक्कल करते. (या कुळातील पहिले औषध २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि त्याचा धागा गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडला होता. मावशीला हे सांगू नये, असे मी ठरवले.)

अपेक्षा किती ठेवावी, हे आकड्यांत सांगितलेले बरे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मधुमेह नसलेल्या लोकांचे वजन सेमाग्लुटाइडच्या २.४ मिलिग्रॅम डोसवर ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के कमी झाले. औषध नसलेली नुसती सुई टोचलेल्यांचे २.४ टक्के. टिर्झेपटाइडच्या २०२२ च्या चाचणीत ७२ आठवड्यांत डोसप्रमाणे सुमारे १५ ते २१ टक्के घट दिसली. पण मधुमेह असलेल्यांमध्ये घट कमी होते, आणि ही गोष्ट पडवीतल्या गप्पांत कोणी सांगत नाही. मधुमेहींवरील टिर्झेपटाइडच्या चाचणीत १० मिलिग्रॅमवर १२.८ आणि १५ मिलिग्रॅमवर १४.७ टक्के घट झाली होती. मावशीचे वजन ८४ किलो आणि तिला बारा वर्षांचा मधुमेह. म्हणजे मोठा डोस सोसला आणि सगळे नीट झाले तर सव्वा-दीड वर्षात दहा-बारा किलो. साहेबाचे वीस किलो तिच्या हिशेबात धरून चालणार नव्हते. गुडघ्यांचे म्हणाल, तर झिजेमुळे दुखणाऱ्या गुडघ्यांच्या लठ्ठ रुग्णांना सेमाग्लुटाइडने वेदना कमी झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले आहे; तिच्या दृष्टीने किलोंपेक्षा ते महत्त्वाचे होते.

तिसरी पायरी : हे औषध त्या व्यक्तीला लागू आहे का

घरी एक टेप आणि एक वजनकाटा घेऊन सुरुवात करता येते. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. मावशीची उंची १५२ सेंटिमीटर, १.५२ चा वर्ग २.३१, आणि ८४ भागिले २.३१ म्हणजे साधारण ३६.४. कंबरेचा घेरही मोजावा, कारण भारतीयांत पोटावरच्या चरबीचा त्रास जास्त. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वरचा घेर धोक्याचा मानतात.

येथे दोन आकड्यांचा घोळ होतो. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या एकमताप्रमाणे आपल्यासाठी बीएमआय २५ च्या वर गेला की तो लठ्ठपणा. परंतु ही औषधे वजनासाठी देण्याची मान्यता सर्वसाधारणपणे बीएमआय ३० किंवा अधिक असलेल्यांना, अथवा २७ किंवा अधिक असून सोबत मधुमेह, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा झोपेत श्वास अडखळणे यांसारखा आजार असलेल्यांना आहे. लग्नाआधी सहा किलो कमी करायचे आहेत म्हणून पुतणीला टोचण्याचे हे औषध नव्हे.

त्यानंतर डॉक्टरांना सांगण्यासाठी घरच्या आजारांची माहिती गोळा करावी. हे काम नातेवाइकाने करण्यासारखे आहे, कारण दवाखान्यात पाच मिनिटांत कोणाला सगळे आठवत नाही. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉईड कर्करोग झाला होता का, हे आधी विचारावे. तसा इतिहास किंवा एमईएन-२ नावाचा आनुवंशिक आजार असेल तर ही औषधे देत नाहीत. थायरॉईडची गोळी घेणारी बाई तर कोकणात घरटी एक सापडेल, आणि ‘थायरॉईडवाल्यांना चालत नाही’ ही अर्धवट बातमी गावात फिरत असते. हायपोथायरॉईडची रोजची गोळी हा वेगळा विषय आहे; त्यासाठी हे औषध बंद नाही, मात्र वजन उतरत जाते तशी टीएसएचची, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी करून गोळीचा डोस पुन्हा पाहावा लागतो.

स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, पोट रिकामे व्हायला फार वेळ लागण्याचा आजार आहे का, मूत्रपिंडाची तक्रार आहे का, दारू किती होते, हे सगळे खरे सांगावे. मधुमेह असेल तर डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्यावा, कारण साखर झपाट्याने खाली आली की पडद्याचा जुना आजार बळावू शकतो. घरातील तरुण स्त्रीचा विचार असेल तर गर्भधारणेबद्दल स्पष्ट बोलावे: गरोदरपणात ही औषधे चालत नाहीत, सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावे लागते, आणि टिर्झेपटाइड घेताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होत असल्यामुळे सुरू केल्यावर आणि प्रत्येक डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरे साधन वापरावे लागते. हा प्रश्न सासूसमोर विचारायचा नसतो, एवढे शहाणपण नेणाऱ्याकडे हवे.

आता चालू असलेल्या औषधांचा डबा. मावशीच्या डब्यात ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी होती. ही गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वर हे इंजेक्शन सुरू झाले तर साखर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टरांनी तिची ती गोळी पहिल्याच दिवशी निम्मी केली. मी डबा सोबत नेला नसता तर ती ‘साखरेच्या दोन गोळ्या’ एवढेच सांगून मोकळी झाली असती. स्टेरॉइड किंवा काही मानसोपचाराच्या औषधांनीही वजन वाढते. कारण तेथे असेल तर उपायाची सुरुवातही तेथूनच करायची.

चौथी पायरी : डॉक्टर निवडणे

गावातील रोजच्या डॉक्टरांना वगळून पुढे जाऊ नये, पण त्यांच्यावरच सगळा भार टाकू नये. हे औषध लिहून देणारा डॉक्टर एमडी मेडिसिन किंवा संप्रेरकांचा तज्ज्ञ असावा, आणि महत्त्वाचे म्हणजे महिन्या-दीड महिन्याने पुन्हा भेटणारा असावा. सिंधुदुर्गातली माणसे तपासण्यांसाठी गोव्याला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात जातात, रत्नागिरीकडची मुंबई-कोल्हापूर गाठतात. एकदा जाणे सोपे असते, दर वेळी जाणे कठीण. म्हणून मोठ्या शहरात सुरुवात केली तरी डोस वाढवताना, उलट्या झाल्यावर किंवा साखर खाली गेल्यावर कोणाला फोन करायचा, हे त्याच भेटीत ठरवून घ्यावे. एकदा फोनवर बोलून, न तपासता चिठ्ठी पाठवणाऱ्यांपासून लांब राहावे.

भेटीला जाताना एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम), यकृताच्या, कोलेस्टेरॉलच्या आणि टीएसएचच्या तपासण्यांचे अलीकडचे कागद न्यावेत. विचारायचे प्रश्न आधी लिहून काढावेत. दोनच औषधे असल्यासारखे आपण बोलतो, पण ‘हे औषध नकोच असे तुम्हाला वाटत असेल तर दुसरे काय?’ हा प्रश्नही त्या यादीत हवा.

पाचवी पायरी : पैशांचा हिशेब

माउंजारोची २.५ मिलिग्रॅमची एक कुपी भारतात आली तेव्हा ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. महिन्याला चार कुप्या धरल्या की अनुक्रमे १४,००० आणि १७,५०० रुपये. डोस वाढला की खर्चही वाढतो. सेमाग्लुटाइडच्या मुख्य पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यामुळे देशी कंपन्यांच्या औषधांना वाट मोकळी होते आणि भाव बदलतात. म्हणून कोणाच्या तरी जुन्या आकड्यावर न जाता मेडिकलमध्ये आजचा भाव विचारावा, आणि पहिल्या डोसचा नव्हे तर पुढच्या मोठ्या डोसचाही विचारावा. इस्पितळात दाखल न होता घेतलेल्या अशा औषधांचा खर्च बहुतेक आरोग्य विमे देत नाहीत.

आंबा चांगला आला की घ्यायचे आणि हंगाम बुडाला की थांबायचे, असे हे औषध नाही. मध्येच काही आठवडे सुटले तर पुन्हा खालच्या डोसपासून चढावे लागू शकते. मावसभावाने एका वर्षाची रक्कम बाजूला काढता येते का ते पाहिले आणि मगच आम्ही तारीख ठरवली. ज्यांना हे जमत नाही त्यांनी खाली मान घालण्याचे कारण नाही. मधुमेहाच्या काही साध्या गोळ्या, आहार आणि चालणे यांनीही चार-पाच किलो उतरू शकतात आणि साखर सुधारते, ते कमी नव्हे.

सहावी पायरी : विकत घेणे, आणणे आणि ठेवणे

कोकणात या औषधाची खरी परीक्षा येथे होते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

औषध परवाना असलेल्या दुकानातून, चिठ्ठी दाखवून, पक्के बिल घेऊन आणावे. खोक्यावरील बॅच नंबर आणि मुदत बिलाशी ताडून पाहावी. व्हॉट्सअॅपवर ‘निम्म्या भावात’ मिळणारी पेने (औषध आधीच भरलेली, पेनासारखी इंजेक्शने) किंवा पाण्यात कालवायची पावडर घेऊ नये. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये जगभर इशारा दिला होता, आणि ती बनावट पेने ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडली होती. तेथे होऊ शकते ते येथेही होऊ शकते.

न उघडलेले औषध २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये, म्हणजे फ्रीजच्या खालच्या भागात, ठेवायचे असते. ते गोठले तर फेकून द्यावे लागते, आणि गोठलेले औषध वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखेच दिसते हा त्यातला धोका. हे आम्ही पैसे मोजून शिकलो. मावसभावाने पहिले पेन मुंबईत घेतले आणि रात्रीच्या गाडीने निघताना ते खराब होऊ नये म्हणून घरच्या फ्रीजरमधल्या दगडासारख्या दोन जेल पॅकच्या मध्ये दाबून डब्यात भरले. सकाळी कुडाळ स्थानकावर मी डबा उघडला तेव्हा पेनच्या खिडकीत पाण्यासारखे औषध दिसायला हवे होते. तेथे काचेवर पांढरी नक्षी होती. आम्ही डॉक्टरांना फोन केला, त्यांनी वापरू नका म्हणून सांगितले, आणि हजारो रुपयांचे ते पेन गेले. थंडावा हवा, पण बर्फाचा स्पर्श नको: पेन आधी टॉवेलमध्ये गुंडाळावे, मध्ये पुठ्ठा घालावा, आणि जेल पॅक बाजूला ठेवावा. शक्य असेल तर जवळच्याच दुकानात आगाऊ मागणी नोंदवून ते मागवून घ्यावे. तेव्हापासून आम्ही तेच करतो.

घरच्या फ्रीजमध्येही पेन मागच्या भिंतीला चिकटवून किंवा बर्फाच्या कप्प्याखाली ठेवू नये. दाराच्या कप्प्यात दर उघडझापीला ऊब लागते. मावशीच्या फ्रीजमध्ये सुकटीच्या डब्याखाली कोकमाची बाटली आणि त्याखाली भाजी असा कारभार असल्यामुळे मी एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणून मधल्या फळीवर ठेवला आणि त्यावर नाव लिहिले. पावसाळ्यात वीज गेली की फ्रीजचे दार उघडायचे नाही, काही तास थंडावा टिकतो. वीज दोन दिवस आली नाही तर काय, याचे उत्तर खोक्यातल्या माहितीपत्रकात असते: माउंजारोचे वापरात असलेले पेन ३० अंशांच्या आत ३० दिवस बाहेर चालते. दुसऱ्या कंपनीच्या पेनचे दिवस वेगळे असू शकतात, म्हणून आपल्या खोक्यातले पत्रक वाचावे. एप्रिल-मेमध्ये आपल्या माजघरातही पारा तिशीच्या वर जातो, हे मात्र पत्रकात लिहिलेले नसते.

सातवी पायरी : पहिली सुई आणि तिचा वार

पहिला डोस दवाखान्यात, त्यांच्या देखरेखीखाली घ्यावा आणि घरी जो टोचणार आहे त्यानेच तो पाहावा. सुई बारीक आणि आखूड असते. पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून, मांडीच्या पुढच्या भागावर किंवा दुसऱ्याने टोचायचे असेल तर दंडाच्या मागे टोचतात, आणि दर आठवड्याला जागा बदलतात. माउंजारो सुरुवातीला कुपीत आले होते, तेव्हा औषध सिरिंजमध्ये ओढावे लागे. मावशीला सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत, म्हणून आम्ही पेन निवडले. त्या पेनमध्ये महिन्याचे ४ डोस असतात आणि दर वेळी नवी सुई लावायची असते. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत टाकावी आणि बाटली भरली की दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून द्यावी. माडाच्या मुळाशी किंवा परसातल्या खड्ड्यात सुया टाकल्या, तर त्या कोणाच्या तरी अनवाणी पायात शिरतात.

टिर्झेपटाइड २.५ मिलिग्रॅमने सुरू करून चार आठवड्यांनी ५ वर नेतात, सेमाग्लुटाइड ०.२५ पासून दर चार आठवड्यांनी एक पायरी चढत २.४ पर्यंत जाते. पहिल्या महिन्यात वजन हलले नाही म्हणून कोणी स्वतःहून डोस वाढवू नये. पहिला डोस शरीराला सवय लावण्यापुरता असतो. वार चुकला तर टिर्झेपटाइड ४ दिवसांच्या आत घेता येते, नाहीतर तो आठवडा सोडून पुढच्या वारी घ्यावे. सेमाग्लुटाइडचे नियम वेगळे आहेत.

तारीख ठरवताना पंचांग पाहण्याला मी हसले होते, पण ते योग्यच ठरले. गणपतीत चुलीपुढे मळमळ नको, पितृपक्षात नवे काही सुरू करायचे नाही, नवरात्रात नऊ दिवसांचा उपास. अखेरीस दसऱ्यानंतरचा पहिला रविवार धरला. तेवढ्या काळात सगळ्या तपासण्या आणि डोळ्यांचा पडदाही पाहून झाला.

आठवी पायरी : ताट

भूक मरते, म्हणून जे थोडे पोटात जाते ते निवडून जावे लागते. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही उतरतात, आणि साठीच्या बाईचे स्नायू गेले की घाटी चढायला तिच्यात बळ राहत नाही. म्हणून प्रथिने आधी, भात नंतर. आपल्याकडे हे अवघड नाही: बांगडा, पेडवे, तिसऱ्या, अंडी, काळ्या वाटाण्याची उसळ. कुळीथ प्रथिनांनी भरलेला आहे खरा, पण दोन चमचे पिठाची पातळ पिठी भातावर ओतून प्रथिने झाली असे मानू नये; त्यापेक्षा मोड आलेल्या कुळथाची उसळ वाटीभर खावी. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा घर सुक्या मासळीवर येते. सुकटीच्या किसमुरात प्रथिने असतात तशी मिठाची रासही असते, रक्तदाबाच्या माणसाने ती आधी धुऊन घ्यावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मळमळ पहिल्या आठवड्यांत आणि डोस वाढल्यावर जास्त होते. तळलेले तुकडे, घट्ट वाटपाचे सांबारे आणि एकदम भरपेट जेवण यांनी ती वाढते; थोडे थोडे, सावकाश आणि अर्धे पोट रिकामे ठेवून खाल्ले की सोसते. मावशीला सकाळची मऊ पेज सगळ्यात मानवली. बद्धकोष्ठासाठी पाणी, भाजी आणि चालणे. भुकेबरोबर तहानही कमी जाणवते आणि आपल्या दमट हवेत घाम तर येतच राहतो, म्हणून पाण्याचा तांब्या डोळ्यांसमोर असावा.

आग्रहाचे काय करायचे? ‘एक तरी मोदक घे’ म्हणणाऱ्या जावा, नणंदा, विहिणी यांना प्रत्येकीला औषधाची कहाणी सांगण्याची गरज नाही. ‘पोट बरे नाही’ एवढे पुरते. ते खोटेही नसते. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर संकष्टी-एकादशीचे कडक उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

नववी पायरी : कधी थांबून धावायचे

पोटात वरच्या बाजूला तीव्र, न थांबणारी आणि पाठीकडे जाणारी कळ आली तर ते स्वादुपिंडाचे लक्षण असू शकते. पुढची सुई टोचू नये, वाट न पाहता दवाखाना गाठावा. उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा कावीळ दिसली तर पित्ताशयाचा संशय घ्यावा. उलट्या-जुलाब दिवसभर थांबत नाहीत आणि लघवी कमी होते, तेव्हा मूत्रपिंडाला धोका असतो. एकाएकी नजर अंधूक झाली तर तेही त्याच दिवशी दाखवावे. घाम, थरथर, गोंधळ म्हणजे साखर खाली गेली. साखर किंवा गूळ जिभेवर ठेवावा आणि मग फोन करावा. मोतीबिंदू असो वा दुर्बिणीने पोट तपासणे, कोणत्याही भुलीच्या कामाआधी हे औषध चालू असल्याचे भूलतज्ज्ञांना सांगावे, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकते.

दहावी पायरी : सहा महिन्यांनी बसून पाहणे

वजन रोज करू नये. आम्ही दर रविवारी सुईआधी, त्याच काट्यावर, त्याच साडीत करतो आणि वहीत मांडतो. शेजारच्या रकान्यात घाटी उतरताना ती किती वेळा थांबली, हेही लिहितो. युरोपातील माहितीपत्रकाप्रमाणे, सोसेल त्या मोठ्या डोसवर सहा महिने होऊनही मूळ वजनाच्या ५ टक्के घट झाली नसेल तर औषध चालू ठेवण्याचा फेरविचार करावा. मावशीच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे ४.२ किलो. चार महिन्यांत, अजून ५ मिलिग्रॅमच्या डोसवरच, तिचे साडेपाच किलो उतरले आणि ग्लिमेपिराइड पूर्ण बंद झाली. डोस वाढवायचा की येथेच थांबायचे, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचे आहे. मावसभावाला वाढवावा असे वाटते. मावशीला वाटत नाही. वहीतला दुसरा रकाना तिने गेल्या रविवारी स्वतः भरला, आणि त्यात शून्य आहे.